आत्याबाईंना कधी बोलवायचं?

सुईणीच्या घरात किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप जमतात. कारण सुईणीला बोलवायला येणारा माणूस कधी शहाण्यासारखा येतच नाही! एरवी चावडीवर बसून सगळ्या गावाचे तंटे मिटवणारा गडी, पण घरात बायकोला कळा सुरू झाल्या की आमच्या दारात येऊन स्वतःच्या घराची वाट विसरायचा. असे कितीतरी मी या डोळ्यांनी बघितलेत.

माझी नात आता नर्स आहे. ड्यूटी संपवून घरी आली की सांगायला लागते, "आजी, आज काय इमर्जन्सी आल्ती, माहितीये का?" मी ऐकून घेते. मग म्हणते, "एवढंच? आता तू माझं ऐक."

आमचं गाव राजूरहून भोकरदनकडे जाताना लागतं. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. माझ्या सासूबाईंचं नाव साळूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. घर शेतकऱ्याचं, खाऊन-पिऊन बरं. सुईणपण त्यांनी पोटासाठी केलं नाही, हाताला गुण होता म्हणून केलं. खालच्या गल्लीत दुसरी सुईण होती, रहीमाबी. तिला सगळं गाव खाला, म्हणजे मावशी, म्हणायचं. दोघी पक्क्या मैत्रिणी, आणि भांडायच्याही तशाच.

तिसरी मी. म्हणजे असं मी म्हणते, गाव म्हणत नव्हतं! गावाच्या लेखी मी आत्याबाईंची सून. चूल पेटव, पाणी तापव, चिंध्या उकळ. सगळी कामं मला यायची, पण दारात आलेला माणूस माझ्या डोक्यावरून बघून विचारायचा, "सुईणबाई हायेत का घरात?" मी समोर उभी असताना! मला फार लागायचं ते. एकदा तरी कुणीतरी मला सुईण म्हणावं, एवढीच माझी हौस होती. सोनं-नाणं मी कधी मागितलं नाही, पण ही हौस काही सुटली नाही.

*

बोलवायला येणारे दोन प्रकारचे. एक फार लवकर येणारे, दुसरे फार उशिरा येणारे. लवकर येणाऱ्यांचा राजा म्हणजे आमच्या शेजारच्या मळ्यातला किसन.

त्याच्या बायकोचं पहिलंच बाळंतपण. किसन सकाळीच धावत आला. "आत्याबाई, जल्दी चला! कळा सुरू झाल्या!"

आत्याबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "जेवली का ती?"

"व्हय, भाकर खाल्ली."

"आता काय करून राह्यली?"

"मायसंगं भांडून राह्यली."

"मंग जा घरी. भांडायला दम हाये तवर लेकरू येत न्हाई."

किसन गेला. थोड्या वेळानं परत हजर. आता बायको त्याच्याशीच भांडत होती म्हणे. आत्याबाईंनी पुन्हा पाठवला. उन्हं चढली तसा परत आला. आता ती शेजारणीशी भांडत होती, आणि शेजारीण तर काही बोललीही नव्हती!

"लई दमाची हाये रे तुझी बायको," आत्याबाई कौतुकानं म्हणाल्या, आणि परत शेंगा फोडायला लागल्या.

दुपार कलली तेव्हा किसन आला तो दारात नुसता उभा राहिला. धावत नाही, ओरडत नाही. तोंड पांढरंफटक.

"काय रे, आता कुणासंगं भांडून राह्यली?"

"कुणासंगंच न्हाई," तो हळूच म्हणाला. "गप बसली हाये. मी पाणी देऊ का म्हणलं, तरी काहीच बोलली न्हाई."

आत्याबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि मला म्हणाल्या, "ऊठ गं, पदर खोच. आता खरं हाये!"

दिवेलागणीला मुलगी झाली. काय आवाज होता तिचा! आत्याबाई म्हणाल्या, "ही मायवर गेली."

*

नातीच्या दवाखान्यात भिंतीवर घड्याळ आहे. किती मिनिटांनी कळ येते ते बघतात. तिनं मला विचारलं, "आजी, तुमच्याकडे घड्याळ नव्हतं, मग कसं कळायचं?"

आमच्याकडे जातं होतं!

बाळंतिणीच्या शेजारच्या खोलीत एका बाईनं ज्वारी दळत बसायचं. कळ आली की बाळंतिणीनं हाक मारायची. पुढची कळ येईपर्यंत किती मुठी ज्वारी दळून होते, त्यावर सगळा हिशेब. मुठी जास्त लागल्या तर अजून वेळ आहे. मुठी कमी-कमी होत गेल्या तर कळा जवळ आल्या, सुईणीला बोलवा. आत्याबाईंनी ही रीत घरोघरी शिकवून ठेवली होती. तिचा त्यांना भारी अभिमान. आणि कळा कधी जवळ, कधी लांब, अशा मनाला येईल तशा आल्या, ओव्याचं पाणी पिऊन आडवं झाल्यावर निवल्या, तर त्या खोट्या. खरी कळ निजू देत नाही.

तर एका घरात धाकट्या जावेचे दिवस भरलेले. दळायला थोरली जाऊ बसली. ही थोरली कामाला जरा अंगचोर. पूर्ण मूठ घातली तर खुंटा जड जातो, म्हणून बाई चिमूट-चिमूट ज्वारी घालायला लागली! चिमूट लगेच दळून व्हायची. मग दोन कळांच्या मध्ये मुठीच मुठी! सासू बाहेरून विचारायची, "किती झाल्या गं?" ही सांगायची, "लई झाल्या, अजून लई वेळ हाये."

तिथल्या सासूला मात्र आतून कण्हणं ऐकू येत होतं. शेवटी तिला राहवेना. तिनं आम्हाला बोलावणं धाडलं. आम्ही पोचलो आणि आत पाऊल टाकतो तर लेकरू बाईच्या मांडीजवळ पडून टाहो फोडतंय. आत्याबाईंनी धावत जाऊन लेकरू उचललं, नाळ बांधली. माय-लेकरू सुखरूप, देवाची कृपा.

आणि शेजारच्या खोलीतून घरघर, घरघर. थोरली अजून दळतेच आहे!

आत्याबाई लेकरू घेऊन दारात उभ्या राहिल्या. "अगं ए, जातं थांबव! हे बघ काय हाये माझ्या हातात!"

तिनं मान वर केली, लेकराकडे बघितलं आणि म्हणाली, "असं कसं? अजून दोन मुठी बाकी हायेत की!"

त्या दिवसापासून आत्याबाईंनी कायदा केला. दळायला दुसरं कुणी नाही, फक्त माझी सून. "हिची मूठ बराबर हाये," असं त्या चारचौघांत म्हणाल्या. मी सुईण झाले नव्हते, पण घड्याळ झाले होते. तेही काही कमी नाही!

*

जात्याहून पक्की अशी आत्याबाईंची एक स्वतःची टेस्ट होती. बाळंतिणीजवळ बसायचं, तिची पाठ चोळायची आणि प्रेमानं विचारायचं, "सासू कशी वागवते गं तुला?"

बस! बाई सुरू. भाकरीला तेल देत नाही, माहेरी धाडत नाही, नणंदेला नवं लुगडं आणि मला जुनेर. आत्याबाई ऐकत राहायच्या. बोलता बोलता कळ आली तरी बाई दात-ओठ खाऊन वाक्य पुरं करायची. तोवर आत्याबाई निवांत. पण सासूचं गाऱ्हाणं मध्येच तुटलं, आणि कळ गेल्यावर बाईला ते पुढं सांगायचंही सुचलं नाही, की आत्याबाई बाह्या सारायच्या. "वेळ झाली. पाणी आणा."

दाराआड उभी राहून बिचारी सासू सगळं ऐकत असायची. गावातल्या कितीतरी सासवा बाळंतपणानंतर सुधारल्या, त्याचं पुण्य आत्याबाईंचं!

एकदा भोकरदनहून गिरदावरसाहेबांचा, म्हणजे महसुलाच्या अंमलदाराचा, टांगा आला. साहेब हैदराबादकडचे, नवीनच बदलून आलेले. बेगमसाहेबा पडद्यातल्या, त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. आणि आत्याबाईंचं उर्दू म्हणजे "जल्दी", "बिलकुल" आणि "बराबर". त्या दिवशी खाला तापानं पडली होती, नाहीतर तिलाच नेलं असतं. मला घाम फुटला. म्हटलं, आता टेस्ट कशी घेणार?

आत्याबाई बेगमजवळ बसल्या. पाठ चोळली. बोटानं पलीकडच्या खोलीकडे दाखवलं, तिथं साहेबांची अम्मीजान बसली होती. आणि भुवया उडवून नुसतं म्हणाल्या, "कैसी?"

बेगमनं एकदा दाराकडे बघितलं, आणि मग जी सुरू झाली! उर्दू कसलं, नुसता धबधबा. आत्याबाई माना डोलावतायत, "बिलकुल. बराबर." मध्येच हळहळतायत, मध्येच कपाळाला हात लावतायत. बराच वेळ गेला. मग बेगम एका शब्दावर अडकली, आत्याबाईंचं मनगट घट्ट धरलं, आणि तो शब्द तसाच राहिला.

"जल्दी!" आत्याबाई मला म्हणाल्या. "पाणी!"

मुलगा झाला. परत येताना टांग्यात मी विचारलं, "आत्याबाई, तुमाला ती काय बोलली ते समजलं?"

"सगळं समजलं."

"उर्दू कधी शिकलात?"

"त्याला उर्दू कामून लागते? सासूचं गाऱ्हाणं हाये ते!"

आता तुम्ही विचाराल, तुझ्या वेळी काय झालं? तीच तर खरी गंमत! माझं दुसरं बाळंतपण सासरीच झालं, कारण माहेरी माझी माय आजारी होती. आत्याबाई माझ्याजवळ बसल्या, पाठ चोळायला लागल्या आणि सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "सासू कशी वागवते गं तुला?"

मी कळवळत म्हटलं, "लई चांगली वागवते, आत्याबाई. मायसारखी!"

आत्याबाई ताडकन उठल्या. "अगं बया! पोरीला भान राह्यलं न्हाई. पाणी आणा, पाणी!"

*

बाई अडली की घरातल्या सगळ्या गाठी सोडायची आमच्याकडे पद्धत होती. बाळंतिणीचे केस मोकळे करायचे, पेटीचं कुलूप उघडायचं, पोत्यांची तोंडं सोडायची. घरात काही बांधलेलं राहू नये, म्हणजे बाईची सुटका होते. खरं-खोटं देव जाणे, पण आत्याबाईंना त्याचा उपयोग वेगळाच होता. बाहेर बसून "काय झालं, काय झालं" करणाऱ्या बायांना त्यामुळे काम मिळायचं.

वाडी-वस्तीवरच्या एका घरात पुरुषमाणसंच फार. सासरा, चुलत सासरे, चार दीर, सगळे ओट्यावर. आतून जरा आवाज आला की सगळे दारात! आत बाई लाजेनं आणि भीतीनं आकसून गेली होती. कळा येत होत्या, पण ती जोरच करीना. आत्याबाईंनी दोनदा सांगितलं, लांब जा. हलेचनात.

शेवटी आत्याबाई दारात आल्या. गंभीर चेहरा करून म्हणाल्या, "गाठी सोडल्या का समद्या?"

"सोडल्या की," सासरा म्हणाला. "कुलपंबी उघडली."

"अन् गोठ्यातल्या?"

सासरा चपापला. "गुरांच्याबी?"

"मंग! ती गाठ न्हाई का?"

झालं! दहा माणसं गोठ्यात घुसली आणि गुरं सोडली. बैल, गाई, म्हशी, वासरं, सगळी मोकळी. जवळच ज्वारीचं उभं पीक होतं, कणसं भरलेली. गुरांना काय, सणच! सगळी जी घुसली ज्वारीत, आणि त्यांच्यामागे सगळे पुरुष, "हाड्‍ हाड्‍, धर रे, धर!" करत. ओट्यावर चिटपाखरू उरलं नाही.

आत शांतता पसरली. बाईनं पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. "गेले का समदे?" तिनं विचारलं. "गेले," मी म्हटलं. "मंग व्हऊ दे आता," ती म्हणाली, आणि जोर केला.

गुरं आवरून माणसं परतली तेव्हा लेकराला अंघोळ घालून झाली होती. सासरा धापा टाकत आत्याबाईंच्या पाया पडला. "गाठीचा गुण आला बघा! पीक गेलं तर जाऊ द्या."

पुढं ही गोष्ट पंचक्रोशीत पसरली. लोक स्वतःहून विचारायला लागले, "आत्याबाई, गुरं आत्ताच सोडू का थांबू?"

*

आता खालाचा किस्सा सांगितला नाही तर ती वर बसून मला शिव्या देईल.

अंगारकी चतुर्थी होती. राजूरच्या गणपतीला गावातून बैलगाड्या निघाल्या. आमच्या गाडीत मी, दोन-तीन बाया, आणि खाला. खालाला देवाला जायचं नव्हतं, तिला राजूरच्या बाजारात सुनेसाठी बांगड्या घ्यायच्या होत्या. आणि गाडीत होती धुरपदा, पोट हे एवढं पुढं आलेलं. घरचे नको म्हणत होते, पण तिनं गणपतीला नवस बोलला होता. दर्शन घेतल्याशिवाय बाळंत होणार नाही, असं तिनं जाहीरच केलं होतं.

अर्धी वाट सरली. धुरपदा मजेत गप्पा मारत होती, हसत होती. मला काही संशय आला नाही. खाला मात्र बोलता बोलता तिच्या पायांकडे बघत होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पायाचे अंगठे बघ तिचे."

मी बघितलं. तोंडानं हसत होती धुरपदा, पण मध्येच पायाचे अंगठे आत वळायचे आणि बोटं पांढरी पडायची. थोड्या वेळानं सैल. पुन्हा वळायचे. कळ तोंडावर दिसू द्यायची नाही म्हणून बाईनं ती पायात कोंडून ठेवली होती!

"गाडी रोक!" खाला गरजली.

"न्हाई!" धुरपदा ओरडली. "मला काही झालं न्हाई! हाक गाडी! दर्शन घेऊ द्या आधी!" आणि तेवढ्यात तिची पाणमोट फुटली. गाडीतलं गवत ओलं झालं. आता काय लपवणार?

माळरान. झाड नाही, झुडूप नाही. मागून-पुढून देवाला जाणारी माणसंच माणसं. आडोसा कशाचा करायचा? खाला गाडीवर उभी राहिली आणि रस्त्यावरच्या गड्यांना म्हणाली, "पटके काढा समद्यांनी!"

डोक्याचा पटका काढायचा म्हणजे लहान गोष्ट नाही. माणूस माणसासमोर डोकं उघडं करत नाही, बायांसमोर तर नाहीच. मग एका म्हाताऱ्यानं पहिल्यांदा आपला पटका सोडला. मग दुसऱ्यानं. लाल, पांढरे, गुलाबी, लांबच लांब पटके, बघता बघता गाडीभोवती भिंत उभी राहिली. पटक्यांची टोकं धरून, गाडीकडे पाठ करून, उघड्या डोक्यानं उन्हात उभे राहिले सगळे. कुणी एकानंसुद्धा मान वळवली नाही. मला आजही आमच्या भागातल्या त्या माणसांचा अभिमान वाटतो. काय सांगू, डोळ्यांत पाणी येतं.

आत खालानं काम केलं आणि मी हाताखाली. नाळ कापली, लेकराला पुसलं, धुरपदाच्या छातीवर ठेवलं. मुलगा! बाहेरच्या माणसांनी गणपतीच्या नावाचा असा गजर केला की बैल बुजले.

आणि धुरपदा रडायला लागली. आम्ही घाबरलो. "काय होतंय गं?"

"दर्शन राह्यलं की!"

खालानं लेकराचं तोंड तिच्याकडे वळवलं. "तू चालली होती, पण त्याला दम न्हाई निघाला. देवच भेटायला आला. आता गप बस अन् दूध पाज त्याला!"

नाव अर्थातच गणपत ठेवलं. खालाला बांगड्या घेता आल्या नाहीत, म्हणून धुरपदाच्या सासूनं स्वतःच्या हातातल्या काढून दिल्या.

*

आता शेवंताची गोष्ट सांगते. ही मी फारशी कुणाला सांगत नाही.

शेवंता माझी नणंद, आत्याबाईंची एकुलती एक लेक. पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. सुईणींमध्ये एक रीत असते. पोटच्या पोरीचं बाळंतपण सुईण स्वतः करत नाही. हात कापतो, नजर चुकते. म्हणून आत्याबाई आणि खाला यांचं फार आधीपासून ठरलेलं, शेवंताचं बाळंतपण खालानं करायचं.

पण दिवस भरायला अजून अवकाश होता म्हणून खाला भोकरदनच्या पलीकडे भावाकडे गेली होती. आणि एक दिवस सकाळीच शेवंतानं कंबर धरली.

"थंडीनं धरली हाये," आत्याबाई म्हणाल्या. तिळाचं तेल कोमट करून चोळायला लागल्या. मी गुपचूप आमच्या मालकांना सांगून खालाला आणायला गाडी धाडली.

शेवंताचं पोट दुखत नव्हतं. सगळं दुखणं कमरेत. ते यायचं आणि जायचं. आलं की ती चौकटीला हात लावून टाचा वर उचलायची, गेलं की टाचा खाली. मी हाक मारली तर तिनं ऐकलंच नाही. कमरेतून येणाऱ्याही कळाच असतात, हे मला शिकवलं कुणी? आत्याबाईंनीच!

"आत्याबाई, या कळा हायेत."

"खोट्या हायेत. ओव्याचं पाणी दे."

दिलं. निजवून बघितलं. कळा गेल्या नाहीत, उलट जवळ आल्या. आत्याबाई म्हणाल्या, "अजून न्हाई. खाला येईल मंग बघू." रस्त्यानं चालणाऱ्या बाईची चाल बघून दिवस ओळखणारी ही बाई, आणि समोर स्वतःची लेक वाकून उभी असताना म्हणते, अजून न्हाई! मला तेव्हा उमगलं. त्यांना दिसत नव्हतं असं नाही. खाला नाही, आणि आपला हात चालणार नाही, म्हणून त्यांना ते बघायचंच नव्हतं.

इतक्यात शेवंताच्या पायाखालची जमीन भिजली.

आम्ही दोघींनी बघितलं. आत्याबाई म्हणाल्या, "पाण्याचा तांब्या लवंडला वाटतं."

तिथं तांब्या नव्हता.

एवढ्या वर्षांत मी आत्याबाईंसमोर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी म्हटलं, "पाणमोट फुटली हाये. लेकरू खालाची वाट बघत न्हाई, आत्याबाई. तुमी भाहीर बसा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आता रागावतील असं मला वाटलं. त्यांनी आपले दोन्ही हात समोर धरून बघितले. थरथरत होते. उठल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. दार मी लावून घेतलं.

बाहेर गेल्या म्हणून काय गप बसतात? "कळ नसताना जोर करू देऊ नको गं!" "कंबर दाबून धर तिची!" "पाणी उकळलं का?" आणि मध्येच, "देवा, देवा, पोरीला सांभाळ." दुसऱ्यांच्या घरी असं बाहेरून बोलणाऱ्या बायांना याच आत्याबाई झापायच्या!

डोकं बाहेर आलं आणि मी बघितलं, गळ्याभोवती नाळेचा वेढा. मी गप झाले तशा बाहेर आत्याबाईही गप झाल्या. त्यांना कळलं होतं, आत काहीतरी आहे. पण त्यांनी विचारलं नाही. माझं चित्त हलू नये म्हणून ती माय बाहेर तोंडात पदर कोंबून बसली.

"शेवंता, आता जोर करू नको. नुसता श्वास घे," मी म्हटलं. नाळेखाली बोट सारलं. घट्ट होती. जरा सैल केली, जरा अजून, आणि डोक्यावरून काढली. पुढच्या कळेसरशी लेकरू माझ्या हातात आलं. निळसर, ढिलं, आवाज नाही. तोंड पुसलं, पालथं धरलं, पाठ चोळली. शेवंता विचारत होती, "वहिनी, रडत कामून न्हाई?" मी चोळत राहिले. माझ्या तोंडून नुसतं "ये बाई, ये" एवढंच येत होतं.

आणि पोरगी रडली. अशी रडली की छपरावरची कबुतरं उडाली!

तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. खालाची हाक आली, धापा टाकत, गाडीतून उतरता उतरताच. आत लेकराचं रडणं ऐकून, आणि साळूबाई ओट्यावर बसलेली बघून ती जागीच थबकली असावी.

"या अल्ला! साळू, तू भाहीर? मंग आत कोण हाये?"

मी लेकराला पुसता पुसता थांबले. आत्याबाईंनी नाक ओढल्याचं मला दाराआडून ऐकू आलं.

"सुईण हाये आत," त्या म्हणाल्या. "तू बस, पाणी पी."